सांडपाणी बंद झाल्यावर माती काय करते

वर्षानुवर्षं सांडपाण्यावर भिजलेल्या शेतातली मूठभर माती हातात घेतली, तर नाव ठेवायला जागा नसते. काळसर, भुसभुशीत, ओल धरून ठेवणारी. सेंद्रिय कर्ब वाढलेला, जिवाणूंची चंगळ. नत्राचा हिशेबच बघा. हंगामभरात ५० सेंटीमीटर पाणी दिलं, म्हणजे हेक्टरी ५० लाख लिटर. लिटरमागे ४० मिलिग्रॅम नत्र धरलं, तर २०० किलो नत्र फुकटात पडलं. फक्त ते पिकाला हवं तेव्हा थांबवता येत नाही, आणि उरलेलं नायट्रेट होऊन भूजलात उतरतं.

साबण-डिटर्जंटमधला आणि मिठातला सोडियम मात्र लवकर जाणवतो. मातीच्या कणांवरच्या कॅल्शियमला हटवून तो तिथे बसतो, कण सुटे होतात, छिद्रं बुजतात. पाणी साचतं, वर पपुद्रा धरतो, कोंब त्याखालीच अडकतो. जमीन चोपण झाली असं म्हणतात ते हेच. भारी काळ्या जमिनीत हे जास्त.

जड धातू असं काहीच दाखवत नाहीत. सिंचनाच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत कॅडमियम चालेल, असं जागतिक अन्न व कृषी संघटनेचं मार्गदर्शन आहे. आपल्या ५० लाख लिटरमधून ते ५० ग्रॅम येतं. नांगरटीच्या १५ सेंटीमीटर थराचं वजन हेक्टरी साधारण २० लाख किलो. म्हणजे किलोमागे वर्षाला ०.०२५ मिलिग्रॅम. नगण्यच! पण धातू कुजत नाही आणि फारसा खालीही झिरपत नाही. ८० वर्षांत तो २ मिलिग्रॅमवर जातो. एरवीच्या जमिनीत सहसा १ सुद्धा नसतो.

मग पीक लगेच का विषारी होत नाही? कारण सांडपाण्यानेच वाढवलेला तो काळा सेंद्रिय पदार्थ धातूंना धरून ठेवतो. चिकणमातीचीही त्याला साथ असते. माती आम्लधर्मी होऊन तिचा सामू (पीएच) ६ च्या खाली घसरला, की ही पकड सैल होते आणि कॅडमियम, जस्त मुळांच्या हाती लागतात. पालेभाज्या त्यात पुढे.

ही पकड सुटते कशी, ते बर्लिनने पाहिलं. १८७६ पासून त्या शहराचं सांडपाणी आसपासच्या रेताड शेतांवर सोडलं जात होतं. बुख भागात ते १९८५ मध्ये थांबलं आणि तिथे जंगल लावायचं ठरलं. बरीचशी रोपं तगलीच नाहीत. सांडपाण्याचा रतीब बंद, त्यामुळे साठलेला सेंद्रिय पदार्थ कुजून संपायला लागला, माती आम्लधर्मी होत गेली, धातू मोकळे झाले. वाळलेली माती तर पाणी शोषेना. थेंब वरच गोळा होऊन राहायचे. म्हणजे घाण पाणी चालू होतं तोवर त्याचा त्रास झाकलेला होता, हे मला सगळ्यात चमत्कारिक वाटतं.

पुढे तिथे चुनखडीयुक्त चिकणमाती आणून मिसळली गेली. तिने सामू वर आला, ओल टिकू लागली. कॅडमियम आहे तिथेच आहे.