क्रिसेंट हॉटेल: झऱ्याचं पाणी, जांभळा डॉक्टर आणि २१८ नंबरची खोली

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, ओझार्क डोंगररांगेत, युरेका स्प्रिंग्ज नावाचं लहानसं गाव आहे. गावाच्या माथ्यावर १८८६ सालचं दगडी क्रिसेंट हॉटेल उभं आहे. तिथली २१८ नंबरची खोली लोक मुद्दाम मागून घेतात. बांधकामाच्या वेळी वरून पडून मेलेला मायकेल नावाचा आयरिश गवंडी त्या खोलीत वावरतो, दारं आपटतो, नळ सोडतो, अशी तिची ख्याती. ‘अमेरिकेतलं सर्वांत झपाटलेलं हॉटेल’ हे बिरुद हॉटेलवाले स्वतःच मिरवतात. रात्री तिकीट लावून भुतांची सहल निघते आणि ती तळघरातल्या शवागारात येऊन संपते.

हॉटेलच्या तळघरात शवागार कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी पाण्याकडे जावं लागेल, कारण पाणी नसतं तर हे गावच वसलं नसतं.

झऱ्यांचं औषधी पाणी म्हटलं की मराठी माणसाला वज्रेश्वरी, अकलोली, उन्हवरे आठवतात. वाफाळतं कुंड, गंधकाचा वास, त्यात बसलेली मंडळी. युरेका स्प्रिंग्जचं पाणी तसं नाही. ते थंडगार आहे आणि त्याला वासही नाही. गंमत म्हणजे रासायनिक पृथक्करण केलं तर खनिजंही फारशी सापडत नाहीत. ‘मिनरल स्प्रिंग’ म्हणून नावारूपाला आलेल्या पाण्यात मिनरलच बेताचं! त्याच राज्यात दक्षिणेला हॉट स्प्रिंग्ज नावाचं दुसरं प्रसिद्ध ठिकाण आहे. तिथलं पाणी साधारण ६२ अंश सेल्सियसचं, हजारो वर्षांपूर्वी पावसात पडून खोलवर मुरलेलं आणि तापून वर आलेलं. युरेकाचं पाणी इतकं खोल जातच नाही.

या डोंगरांचा वरचा थर चुनखडीचा, मध्ये मध्ये चर्ट नावाच्या गारगोटीसारख्या दगडाचा. पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडीला हळूहळू विरघळवतं. भेगा रुंदावतात, त्यांचे नळ होतात, काही ठिकाणी गुहा होतात. अशा प्रदेशाला भूशास्त्रात ‘कार्स्ट’ म्हणतात. या चुनखडीखाली शेल नावाच्या, चिकणमाती दाबून बनलेल्या खडकाचा घट्ट थर आहे. त्यातून पाणी सहज झिरपत नाही, मग ते आडवं सरकतं आणि उतारावर जिथे हा सांधा उघडा पडतो तिथे बाहेर येतं. युरेका स्प्रिंग्जमध्ये असे साठहून अधिक झरे आहेत.

त्यातल्या ‘बेसिन स्प्रिंग’ची कथा अशी सांगतात: १८५० च्या दशकात अॅल्व्हा जॅक्सन नावाच्या वैद्याने या पाण्याने आपल्या मुलाचे डोळे बरे केले आणि पुढे तेच पाणी ‘डॉ. जॅक्सन्स आय वॉटर’ म्हणून बाटलीत भरून विकलं. १८७९ मध्ये सॉन्डर्स नावाच्या न्यायाधीशाची पायावरची जुनी चिघळलेली जखम इथे भरून आली. त्याने ही गोष्ट चार ठिकाणी सांगितली आणि झुंबड उडाली. त्याच वर्षी ४ जुलैला गावाचं नामकरण झालं. पुढच्या वर्षीच्या जनगणनेत तंबूंत, झोपड्यांत, लाकडी घरांत मिळून चार हजारांच्या आसपास माणसं राहत होती. आज गावात त्याच्या निम्म्याने लोक राहतात.

हे सगळे लोक काय भोळसट होते? मला तसं वाटत नाही. खनिजांचा प्रताप बाजूला ठेवून त्या काळच्या ओझार्कमधल्या शेतकऱ्याचं घर डोळ्यांपुढे आणा. एका घमेल्यात सगळ्यांनी तोंड धुवायचं, एकाच फडक्याला पुसायचं, दारात जनावरं, माश्यांचा सुकाळ. या पट्ट्यात खुपरी म्हणजे ट्रॅकोमा इतका बोकाळला होता की १९२० च्या दशकात शेजारच्या मिसूरी राज्यात सरकारला त्यासाठी खास रुग्णालय उघडावं लागलं. खुपरीचे जंतू डोळ्यांच्या घाणीतून हात, फडकी आणि माश्यांमार्फत पसरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या खुपरीविरोधी धोरणाची चार कलमं आहेत: शस्त्रक्रिया, प्रतिजैविकं, चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसर सुधारणा. भारताने २०२४ मध्ये ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या’ या पातळीवरून खुपरी हटवली, तीही याच मार्गाने.

जॅक्सनच्या मुलाला नेमकं काय झालं होतं हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण दिवसातून चार वेळा वाहत्या, थंड, स्वच्छ पाण्याने डोळे धुणं आणि घरच्या घमेल्यापासून काही आठवडे लांब राहणं हा उपचार निरर्थक नव्हता. चिघळलेल्या जखमेचंही तेच. पाण्यात काही नव्हतं, म्हणूनच ते गुणकारी होतं. त्यात माणसाचा स्वभाव मिसळा. दुखणं अगदी टोकाला गेलं की लोक प्रवासाला निघत आणि टोकाला गेलेलं दुखणं बऱ्याचदा आपोआपच थोडं उतरतं. श्रेय मात्र झऱ्याला मिळतं. जे बरे झाले नाहीत ते पत्रं लिहून कळवत नसत.

या गर्दीतला पैसा हेरला पॉवेल क्लेटन यांनी. राज्याचे हे माजी गव्हर्नर रेल्वेच्या धंद्यात उतरले होते. १८८३ मध्ये रेल्वे गावात आली आणि २० मे १८८६ रोजी क्रिसेंट हॉटेल उघडलं. जवळच्या खाणीतला पांढरट चुनखडीचा दगड, दीड फूट जाडीच्या भिंती, विजेचे दिवे आणि नाचाचे जलसे. श्रीमंतांची ये-जा सुरू झाली, पण वीसेक वर्षांत ओसरलीसुद्धा. १९०८ पासून इमारतीत मुलींचं कॉलेज भरू लागलं आणि पुढे तेही बंद पडलं.

झऱ्यांची कीर्ती ओसरायला जंतुशास्त्र कारणीभूत झालं आणि तो दगडही. कार्स्टमध्ये पाणी गाळलं जात नाही. वाळूच्या थरातून थेंबाथेंबाने उतरणारं पाणी स्वच्छ होत जातं, चुनखडीच्या नळांतून ते ओढ्यासारखं धावतं. वरच्या वस्तीतल्या गळक्या मलवाहिन्यांत जे असेल ते थोड्याच वेळात खालच्या झऱ्यात. हा संबंध तपासायची पद्धत सोपी आहे: वर निरुपद्रवी चमकणारा रंग ओतायचा आणि खाली कुठल्या झऱ्यात, किती वेळाने तो उगवतो ते बघायचं. आज झऱ्यांभोवती सुंदर बागा आहेत आणि पाणी पिऊ नये असं सांगणाऱ्या पाट्याही आहेत. गाव वसवणाऱ्या दगडानेच गावाचं औषध बिघडवलं.

१९३७ मध्ये पडीक हॉटेल विकत घेतलं नॉर्मन बेकरने आणि तिथे कॅन्सरचं रुग्णालय काढलं. शवागार त्याच्या काळातलं.

बेकर आयोवा राज्यातल्या मस्कॅटीनचा. वैद्यकाचं शिक्षण शून्य. आधी तो मनकवड्याचे खेळ करत गावोगाव फिरला. मग हवेवर वाजणारं ‘कॅलियाफोन’ नावाचं वाद्य बनवून त्याने बराच पैसा कमावला आणि १९२५ मध्ये स्वतःचं रेडिओ केंद्र काढलं. रेडिओवरून तो अॅल्युमिनियमची भांडी, लसीकरण आणि डॉक्टरांची संघटना या सगळ्यांवर तुटून पडायचा. कॅन्सरवर औषध सापडल्याचा दावा करताना त्याने पाच रुग्णांवर प्रयोग केला. पाचही दगावले, पण त्याच्या मासिकात ते बरे झाले होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने त्याला भोंदू म्हटलं तेव्हा त्याने बदनामीचा दावा लावला आणि १९३२ मध्ये तो हरला. रेडिओचा परवाना त्याआधीच गेला होता. मग मेक्सिकोच्या हद्दीत जबरदस्त ताकदीचं केंद्र उभारून तिथून तो पुन्हा अमेरिकेच्या घराघरात बोलू लागला. आजच्या फॉरवर्डबहाद्दरांना हा माणूस अगदी ओळखीचा वाटेल.

क्रिसेंटमध्ये आल्यावर त्याने आतल्या भिंती जांभळ्या रंगवल्या. कपडे जांभळे, गाडीही जांभळी. ‘आजारी माणसं जिथे बरी होतात’ ही त्याच्या रुग्णालयाची जाहिरात. शस्त्रक्रिया नाही, क्ष-किरण नाहीत, रेडियम नाही, फक्त इंजेक्शनं. त्या काळी कॅन्सरवर जे काही खरे उपचार होते ते हेच तीन, आणि तिघांचीही लोकांना धास्ती होती. बेकरने नेमकी ती धास्ती विकली. त्याच्या ‘फॉर्म्युला नंबर ५’ मध्ये कलिंगडाच्या बिया, मक्याच्या कणसाचे केस आणि क्लोव्हर नावाच्या गवताची पानं यांचा अर्क, अल्कोहोल, ग्लिसरीन आणि कार्बॉलिक अॅसिड होतं. कार्बॉलिक अॅसिड म्हणजे फिनॉल, जंतुनाशक म्हणून वापरतात ते, शरीरातल्या पेशींनाही विषारी. वनस्पतींच्या अर्काने गाठ बरी होत नव्हती. पण खरा घात काळाचा होता. गाठ काढता येईल अशा अवस्थेत आलेला माणूस इथे महिने घालवायचा आणि ती संधी निघून जायची. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे काडीची किंमतही शेकडो डॉलर होती.

१९३९ मध्ये त्याला अटक झाली आणि १९४० मध्ये तो दोषी ठरला. गुन्हा कोणता? टपालाचा गैरवापर करून फसवणूक. औषधाच्या खोट्या जाहिराती टपालाने पाठवल्या, एवढंच संघराज्याच्या कायद्यात नीट बसलं. शिक्षा चार वर्षांची. (कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातीलाच बंदी घालणारा कायदा भारतात १९५४ मध्ये आला. तो किती पाळला जातो ते रस्त्याकडेच्या भिंतींवर वाचावं.)

आता भुतं. मायकेलखेरीज तिसऱ्या मजल्यावर रात्री अकरानंतर स्ट्रेचरगाडी ढकलणारी नर्स आहे, ४१९ नंबरच्या खोलीत थिओडोरा नावाची कॅन्सरची रुग्ण आहे, सज्जातून पडलेली कॉलेजकन्यका आहे आणि जिन्यापाशी जांभळ्या सदऱ्यातला बेकर स्वतः. हॉटेलच्या इतिहासातल्या प्रत्येक कालखंडाचा एकेक प्रतिनिधी. अशी शिस्तशीर भरती योगायोगाने होत नाही, सहल आखणाऱ्यांना ती सोयीची पडते.

अनुभव सांगणारे सगळे खोटं बोलतात असं मात्र नाही. रात्री जाग येते, अंग हलत नाही, खोलीत कुणीतरी उभं आहे किंवा छातीवर बसलंय अशी खात्री वाटते. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. स्वप्नांच्या झोपेत स्नायू शिथिल ठेवणारी यंत्रणा चालू असतानाच मेंदू अर्धा जागा होतो. दर शंभरातल्या सात-आठ जणांना हे आयुष्यात एकदा तरी होतं. अनोळखी पलंग, उशिरापर्यंत जागरण आणि झोपण्याआधी दीड तास भुतांच्या गोष्टी. भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागायला आणखी काय हवं?

कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचाही दाखला दिला जातो. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीच्या विक टॅंडी या अभियंत्याने प्रयोगशाळेतल्या करड्या भुताचा माग काढत पंख्यापर्यंत मजल मारली. पंख्यामुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झची लहर उभी राहत होती. गोष्ट झकास आहे, पण पुढे टिकली नाही. लंडनमध्ये ख्रिस फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी खास खोली बांधून ७९ जणांना त्यात सोडलं. कधी असा ध्वनी, कधी विद्युतचुंबकीय क्षेत्र, कधी दोन्ही, कधी काहीच नाही. २००९ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार विचित्र अनुभव पुष्कळांना आले, पण यंत्रं चालू होती की बंद याच्याशी त्यांचा संबंध लागला नाही. ‘इथे काहीतरी जाणवेल’ ही पूर्वसूचना आणि माणसाचा मूळ पिंड हाच दुवा ठरला.

झपाटलेल्या जागांच्या सहलींत आणखी एक सिद्धांत कानावर पडतो: चुनखडी आणि वाहतं पाणी भूतकाळातली ऊर्जा साठवून ठेवतात. त्यासाठी क्वार्ट्झच्या घड्याळाचा हवाला देतात. क्वार्ट्झवर दाब दिला की विद्युतभार निर्माण होतो, हे खरं. पण चुनखडी म्हणजे कॅल्साइट, आणि त्याच्या स्फटिकाची रचना अशी सममित आहे की त्यात हा गुणधर्म येऊच शकत नाही. चर्टमध्ये क्वार्ट्झ असतं, पण त्याचे सूक्ष्म कण वाटेल त्या दिशांना तोंड करून असल्याने परिणाम एकमेकांत जिरून जातो. शिवाय दाबाने भार निर्माण होणं आणि नर्सची आठवण ध्वनिमुद्रित होणं यांत काही संबंधच नाही.

२००५ मध्ये टीव्हीवरच्या भूतशोधकांनी शवागारातल्या लोखंडी कपाटाजवळ उष्णतेच्या कॅमेऱ्यात टोपीवाली मानवी आकृती टिपली, तेव्हापासून गर्दी आणखी वाढली. माणसाचं अंग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात, साडेनऊ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास, सर्वाधिक उष्णता फेकतं आणि गुळगुळीत धातू ती आरशासारखी परतवू शकतो. कपाटासमोर उभ्या माणसांनी कपाटात माणूस पाहिला, यात शंकेला भरपूर जागा आहे.

२०१९ मध्ये मात्र हॉटेलच्या आवारात खरंच काही सापडलं. बागकाम करताना जमिनीतून जुन्या काचेच्या बाटल्या निघाल्या. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने रीतसर खोदकाम केल्यावर बेकरच्या काळातल्या शेकडो बाटल्या मिळाल्या. काहींत औषधाचे अवशेष, तर काहींत द्रवात जपलेले, शरीरातून काढल्यासारखे दिसणारे उतींचे तुकडे. त्याच्या जाहिरातींत अशाच बाटल्यांचे फोटो असत: पाहा, आम्ही चाकूशिवाय काढलेल्या गाठी.

त्यातल्या काही बाटल्या आता शवागारात मांडून ठेवल्या आहेत, भुतांच्या सहलीचं तिकीट काढलं की दिसतात. मला ही मांडणी खटकते. थिओडोराची किल्ली हरवल्याची गोष्ट मार्गदर्शक रंगवून सांगतो आणि बाटल्यांपाशी दोन मिनिटं थांबतो. शिवाय फसवले गेलेले सगळे त्या इमारतीत मेले नाहीत. इंजेक्शनांचा कोर्स संपवून, बरं झाल्याच्या समजुतीत रेल्वेने घरी परतलेले कितीतरी रुग्ण आपापल्या गावी, आपल्या माणसांत वारले, आणि त्यांच्यासाठी बेकरवर एकही खटला चालला नाही.