जखमी कोंबडी आणि तिच्या शरीराचे नियम

कुत्र्याच्या तावडीतून सुटलेली कोंबडी पुष्कळदा उभी असते, इकडेतिकडे बघते, एखादा दाणाही टिपते. पाळणाऱ्याला वाटतं, थोडक्यात निभावलं. पण दुसऱ्यांची शिकार होणारे प्राणी दुखणं लपवतात, कारण मलूल दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत सर्वांत आधी भरतो. म्हणून कोंबडी कितीही ठीक दिसली तरी पिसं बाजूला सारून तिचं सगळं अंग बघावं, पाठ आणि पंखांखालची जागा तर नक्कीच. दातांची छिद्रं बारीक असतात आणि दाट पिसांत सहज दडतात. कुत्र्यामांजरांच्या तोंडातले पाश्चुरेला जातीचे जिवाणू त्या छिद्रांतून खोलवर पोचतात. असा चावा लहान असला तरी त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावा.

पण त्याआधी तिला उचलावं लागतं, आणि तेही जपूनच. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. त्यांची फुप्फुसं फारशी फुगत नाहीत. हवा खेळवतात त्या अंगभर पसरलेल्या हवेच्या पिशव्या, भात्यासारख्या, आणि हा भाता चालतो छातीच्या हाडाच्या हालचालीवर. घाबरून फडफडणाऱ्या कोंबडीला मायेने का होईना, पण घट्ट आवळलं तर नाकतोंड मोकळं असूनही ती गुदमरते. पंख हलकेच अंगाशी धरावेत, छाती मोकळी सोडावी. यातल्या एका पिशवीचा फाटा पंखाच्या वरच्या पोकळ हाडातही शिरतो. त्यामुळे ते हाड मोडून बाहेर आलं असेल तर त्या जखमेवर पाणी ओतू नये, ते थेट श्वासमार्गात जाऊ शकतं.

इतर जखमा मात्र भरपूर धुवाव्यात. उकळून कोमट केलेल्या 1 लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ घातलं की त्याचा खारटपणा शरीरातल्या द्रवांशी जुळतो आणि पेशींना इजा होत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून जखम स्वच्छ झाल्याचं समाधान मिळतं खरं, पण तो नव्याने वाढणाऱ्या पेशीही मारतो. तेलकट मलमंही टाळावीत. पिसं चिकटली की ऊब धरून ठेवण्याचं त्यांचं काम थांबतं.

कोंबडीची कातडी पातळ असते आणि सहज फाटते. भगदाड बघून धीर सुटतो, पण स्वच्छ राहिलेली मोठी जखमही काही आठवड्यांत भरून येते. अडचण होते ती पू झाल्यावर. आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये पू पातळ करणारी जी रसायनं असतात, त्यांतली काही पक्ष्यांच्या पेशींत नसतात. त्यामुळे कोंबडीचा पू वाहत नाही, त्याचा घट्ट पिवळसर गोळा होतो. गळू पिकून फुटेल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही, तो गोळा पशुवैद्यालाच काढावा लागतो. माश्यांकडेही तितकंच लक्ष हवं. उघड्या जखमेवर घातलेल्या अंड्यांतून एका दिवसातही अळ्या बाहेर पडतात, म्हणून तिला जाळी लावलेल्या जागेत ठेवावं.

कोंबडीच्या शरीराचं तापमान साधारण 41 अंश सेल्सिअस असतं. धक्का बसलेला, पिसं गमावलेला पक्षी ते टिकवताना थकून जातो. शांत, अंधारलेल्या खोक्यात एकाच बाजूने ऊब द्यावी, म्हणजे उकडलं तर तिला दुसरीकडे सरकता येतं. चोच उघडून पाणी कधीही ओतू नये. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावला की ती स्वतःच गिळते. विष्ठा रोज बघावी. ती नुसती हिरवी असेल तर पोटात पित्ताशिवाय फारसं काही नाही, म्हणजे खाणं थांबलं आहे.

कोंबड्यांना वेदना होतात का, ही शंका आता कुणी घेऊ नये. 2000 साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोंबड्यांपुढे साधं आणि वेदनाशामक मिसळलेलं असं दोन प्रकारचं खाद्य ठेवलं होतं. लंगड्या कोंबड्यांनी निरोगी कोंबड्यांपेक्षा औषधाचं खाद्य जास्त खाल्लं, आणि लंगडणं जितकं तीव्र तितकं त्याचं प्रमाण जास्त. वेदनाशामक मागून घ्यायला म्हणूनच संकोच करू नये. घरातल्या माणसांच्या गोळ्या मात्र देऊ नयेत.

रक्त दिसलं की इतर कोंबड्या तिथेच चोच मारतात, म्हणून जखमीला वेगळं ठेवणं भाग असतं. पण पूर्ण नजरेआड करू नये. कळपात कुणी कुणाला टोचायचं याची उतरंड असते. नॉर्वेच्या थोरलाइफ श्येल्डरुप-एब यांनी 1921 मध्ये तिचं वर्णन केलं. बरेच दिवस न दिसलेली कोंबडी परतली की तिला परकी ठरवून पुन्हा मारहाण होते. जाळीपलीकडून सगळ्या एकमेकींना दिसत राहिल्या तर परतणं बरंच सोपं जातं. मुळासकट उपटलेली पिसं तोवर फुटू लागतात. अर्धवट तुटलेली पुढच्या पिसगळतीपर्यंत तशीच राहतात. पिसं मुख्यतः प्रथिनांची बनतात, तेव्हा या काळात खाद्यात प्रथिनं वाढवावीत.

ती पुन्हा अंडी घालू लागली तरी प्रतिजैविकं चालू असताना आणि नंतरही काही दिवस ती अंडी खाऊ नयेत. अंड्यातलं बलक घालण्याआधीच्या साधारण दहा दिवसांत भराभर भरत जातं, आणि रक्तातलं औषध त्यात साठतं. औषध थांबल्यावर किती दिवस थांबायचं हे औषधागणिक बदलतं. चिठ्ठी घेतानाच ते पशुवैद्याला विचारून ठेवावं.