टिण, टक् आणि बद्द

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी वसईला मित्राकडे गेलो, तर जेवणाच्या टेबलावर ताटं मांडायला जागा नव्हती. जुन्या वर्तमानपत्रावर चाळीस घुंगरं ओळीने ठेवलेली. मातीची. मित्राच्या लेकीने यंदा नाताळला सगळ्या नातेवाइकांना स्वतः केलेल्या जिंगल बेल द्यायच्या ठरवल्या होत्या. जिंगल बेल म्हणजे आपलं घुंगरूच, फक्त लिंबाएवढं आणि लाल रिबिनीत ओवलेलं. तिने सदतीस घुंगरं एकेक करून माझ्या कानाशी हलवली. टिण, टिण, टिण. मग उरलेली तीन पुढे सरकवली.

"काका, तुम्ही आयुष्यभर हेच शिकवलंत ना? मग सांगा, ही का वाजत नाहीत?"

पहिलं मुकंच होतं. दुसरं 'बद्द' करायचं, फुटक्या मडक्यासारखं. तिसरं 'टक्', लाकडी खुंटीवर टिचकी मारावी तसं. माती एक, हात एक, भट्टी एक आणि आवाज चार तऱ्हेचे. निवृत्त मास्तराला रविवारी दुपारी याहून चांगलं काय मिळणार?

आधी कृती. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त आचेवर भाजून दगडासारखी घट्ट होणारी, माती विकत मिळते. तिच्या चिमटीने दोन छोट्या वाट्या करायच्या, कडांवर ओरखडे काढायचे, मातीचा घोळ लावायचा आणि वाट्या तोंडाला तोंड लावून जोडायच्या. जोडण्याआधी आत हरभऱ्याएवढी मातीची गोळी टाकायची, तीही वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळून. नाहीतर ओली गोळी ओल्या भिंतीला चिकटून बसते. कागद भट्टीत जळून जातो. मग खालच्या बाजूला फट कापायची, वर दोरीसाठी कान काढायचा, आठवडाभर सावलीत सुकवायचं आणि हळूहळू तापवत १२२० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचं. काचेचा मुलामा तिने मुद्दाम टाळला होता. तो वितळून भट्टीतल्या फळीला चिकटतो, मग प्रत्येक घुंगरू नायक्रोमच्या तारेवर टांगावं लागतं.

"आणि फट ठेवलीच पाहिजे," ती म्हणाली, "आत हवा अडकली तर भट्टीत फुटतं. वर्गात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता रागही येत नाही. फुटतं ते हवेने नव्हे, पाण्याने. बंद पोकळीतली हवा तीस अंशांवरून सहाशेवर नेली, तर तिचा दाब जेमतेम तिप्पट होतो. शाळेतलं वायूचं समीकरण मांडून बघा. शिवाय त्या वेळी माती सच्छिद्र असते, हवा सावकाश पाझरून जाते. पाण्याचं मात्र तसं नाही. भिंतीत ओल राहिली असेल आणि आच घाईने चढवली, तर १८० अंशांनाच कोंडलेल्या वाफेचा दाब वातावरणाच्या दहापट होतो, आणि ओल्या भागातून वाट काढायला तिला वेळच मिळत नाही. जाड मडकं फुटतं ते जाड असल्यामुळे आतून नीट सुकलेलं नसतं म्हणून. पुरावा हवा असेल तर हडप्पा संस्कृतीचे मातीचे खुळखुळे बघा. चार हजार वर्षांहून जुने, आत मातीचे खडे, गोल आणि पोकळ. त्या कुंभारांना वायूचं समीकरण ठाऊक नव्हतं, पण सुकवायचं किती हे पक्कं ठाऊक होतं.

फट लागते ती आवाजासाठी. अंडं मुठीत धरून सगळीकडून सारखं दाबलं तर सहसा फुटत नाही, पण अर्ध कवच दोन बोटांत सहज दबतं. बंद गोल कवचाला ताणल्याशिवाय वाकवताच येत नाही, आणि ताणायला जबर जोर लागतो. फट कापली की त्याला दोन ओठ मिळतात, ते नुसते वाकून हलू शकतात. गोळी आपटली की हे ओठ चिमट्याच्या दोन पात्यांसारखे थरथरतात. फट नसेल तर उरतो खुळखुळा. खुळखुळ्याला नाद नसतो, नुसती खडखड असते.

आता मुकं घुंगरू. फटीतून मोबाइलचा उजेड टाकला तर गोळी तळाला बसलेली दिसली. विणायच्या सुईने ढोसल्यावर 'टच्' करून सुटली आणि जिथे बसली होती तिथे मोहरीएवढा गोल व्रण राहिला. कागद जळून गेला होता, पण १२२० अंशांना गोळी आणि भिंत जिथे टेकल्या होत्या तिथे एकमेकींना सांधल्या गेल्या. पुढच्या खेपेला गोळी अल्युमिनाच्या, म्हणजे या आचेला न वितळणाऱ्या, भुकटीत घोळवायची, म्हणजे काम झालं. पण तो व्रण मी तिला भिंगातून नीट बघायला लावला, कारण बाकीची सदतीस घुंगरं ज्यामुळे वाजत होती तीच ही गोष्ट होती.

वाळलेल्या मातीवर टिचकी मारा, नाद येत नाही. चिकणमाती म्हणजे अतिसूक्ष्म चपट्या पापुद्र्यांचा ढीग. पाणी उडून गेलं की पापुद्रे एकमेकांना इथे तिथे नुसते टेकलेले राहतात. साधारण पाचशे अंशांच्या आसपास त्यांच्या रचनेत बांधलेलं पाणीही निघून जातं. केओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती, शुद्ध असेल तर त्याचं वजन या टप्प्यात १४ टक्क्यांनी घटतं. इथून परत फिरणं नाही. हा तुकडा पाण्यात टाकला तरी त्याचा पुन्हा चिखल होत नाही. पण वाजायला अजून अवकाश आहे, कारण कण अजूनही टेकलेलेच आहेत.

खरी मजा अकराशेच्या पुढे. मातीत मिसळलेलं फेल्डस्पार नावाचं खनिज वितळू लागतं आणि काचेचा दाट पाक तयार होतो. हा पाक काकवीपेक्षा कैक पटींनी घट्ट असतो, पण भट्टीत तास हातात असतात. पाण्याच्या थेंबाला जसा आपला पृष्ठभाग कमी करायचा असतो, तसाच या पाकालाही. दोन कण टेकलेले असतात तिथे तो ओढला जातो आणि दोघांमध्ये मान तयार होते. मान रुंदावत जाते, कण जवळ येतात, मधली भोकं आकसतात. जोर किती? पृष्ठताणाच्या दुपटीला भोकाच्या त्रिज्येने भागायचं. काचेचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे ०.३ न्यूटन, भोकाची त्रिज्या एक मायक्रॉन. उत्तर येतं वातावरणाच्या सुमारे सहापट दाब! कुणीही बाहेरून दाबत नसताना घुंगरू स्वतःलाच आवळत असतं. ओलं असताना ४५ मिलिमीटरचं होतं, भट्टीतून आलं तेव्हा ४० मिलिमीटरचं.

या मानेचं गणित याकॉव्ह फ्रेंकेल या रशियन भौतिकशास्त्रज्ञाने १९४५ साली मांडलं. मानेची रुंदी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे मान दुप्पट हवी तर वेळ चौपट. तापमान वाढवलं तर पाक पातळ होतो आणि हेच काम झटपट होतं. म्हणून कुंभारकामात नुसतं तापमान सांगून भागत नाही, किती वेळ हेही लागतं. हेरमान झेगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८८६ साली बर्लिनमध्ये यावर फार सुंदर तोड काढली: भट्टीत मातीचेच छोटे सुळके ठेवायचे. तापमान आणि वेळ यांचा एकत्रित हिशेब पुरा झाला की सुळका मान टाकतो. तापमापकाला फक्त अंश कळतात, सुळक्याला भाजणं कळतं. आजही स्टुडिओत हे सुळके वापरतात.

मग या मानांचा नादाशी संबंध काय? घुंगराला गोळी लागली की भिंत हेलकावे खाऊ लागते. प्रत्येक हेलकाव्यात थोडी ऊर्जा हवेला मिळते, तोच आपल्याला ऐकू येणारा आवाज. बाकीची भिंतीच्या आतच उष्णता होऊन मुरते. कण नुसते टेकलेले असतील तर ते एकमेकांवर घासतात, आणि घासलं की ऊर्जा गेली. समजा घुंगराचा मुख्य सूर सेकंदाला ३००० कंपनांचा आहे आणि दर कंपनाला एक टक्का ऊर्जा मुरते. शंभर कंपनांनंतर, म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागात, ३७ टक्के ऊर्जा उरते. हा झाला 'टक्'. आता मुरण्याचं प्रमाण ०.१ टक्का करा. तेवढ्याच घसरणीला सेकंदाचा तिसरा भाग लागतो. हा 'टिण'. कानाला जो फरक गोड आणि रुक्ष असा वाटतो, तो असा दशांश चिन्ह एक घर सरकल्याचा असतो. ज्यांनी हा परिच्छेद गाळला त्यांनी एवढंच घ्यावं: मानांनी कण जखडले की घासायला जागा उरत नाही, आणि नाद टिकतो. जलतरंगाला चिनी मातीची भांडी घेतात, कुंड्या घेत नाहीत, ते यामुळेच.

नाद किती टिकावा यावरून एक जुना व्हॉट्सअ‍ॅप निरोप आठवला. मंदिरातल्या घंटेचा नाद किमान सात सेकंद टिकतो, तो शरीरातल्या सात चक्रांना जागं करतो, आणि त्यासाठी घंटेत कॅडमियम, शिसं वगैरे सात धातू शास्त्रोक्त प्रमाणात असतात म्हणे. घंटेचं कासं हे मुख्यतः तांबं आणि कथील यांचं, चारास एकच्या आसपास. शिशाची घंटा ओतलीत तर 'थड्' वाजेल, कारण शिशाच्या स्फटिकांत अणूंचे थर सहज घसरतात आणि ऊर्जा तिथेच मुरते. तीच घंटा द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून उणे १९६ अंशांना वाजवा, खणखणते. थंडीने थर जागच्या जागी अडकतात. चक्रांचं काय होतं ते निरोप पाठवणाऱ्यांना विचारा. आणि वसईत बसून हे बोलत होतो म्हणून आणखी एक. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा इथल्या चर्चमधल्या पोर्तुगीज घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. देऊळ बदललं, घंटेने सूर बदलला नाही.

'बद्द' वाजणारं घुंगरू मी पाण्यात पातळ केलेल्या शाईत बुडवलं आणि लगेच पुसलं. कानाच्या मुळाशी केसासारखी निळी रेघ उमटली. तडा. नुसत्या डोळ्याला तो दिसतही नव्हता. भिंत थरथरली की तड्याचे दोन काठ एकमेकांवर घासतात आणि नाद पहिल्या काही कंपनांतच गिळला जातो. बाजारात माठ घेताना आजी बोटाच्या पेराने वाजवून घ्यायची ती याच कारणासाठी. पूर्वी लांब पल्ल्याची गाडी मोठ्या स्टेशनात थांबली की एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकामागून चाक ठोकत जायचा, तोही हेच ऐकत असे.

"भट्टी कधी उघडलीस?" मी विचारलं.

ती गप्प. मग आतून तिच्या आईचा आवाज आला, "पहाटे पाचला. धीर कुठे होता तिला?"

मातीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. ५७३ अंशांना क्वार्ट्झची अणुरचना एका झटक्यात बदलते. तापताना तो फुगतो, निवताना आकसतो. फरक जेमतेम एखाद-दोन टक्क्यांचा, पण सभोवतालची काच तोवर घट्ट झालेली असते, तिला लवता येत नाही. या टप्प्यावर भट्टी हळू निवायला हवी. त्यानंतरही घाई नडते. बाहेरच्या गार हवेचा झोत लागला की पातळ भिंत आधी आकसते आणि जाड कान मागे राहतो. हिने दार नेमकं किती अंशांना उघडलं ते भट्टीच्या काट्यावरून तिलाही आठवत नव्हतं. तड्याला उपाय नाही. ते घुंगरू शाईच्या रेघेसकट माझ्या खिशात गेलं.

उरलं 'टक्'. शाई लावली, तडा नाही. गोळी मोकळी. मोजपट्टी लावली, तर भरलं ४२ मिलिमीटर. बाकीच्यांहून दोनने मोठं. मग फटीच्या कडेला जीभ लावली.

"काका!"

जीभ चिकटली. भिंत सच्छिद्र असली की बारीक भोकं जिभेवरचं पाणी शोषून घेतात आणि जीभ ओढली जाते. कुंभारकामातली ही जुनी तपासणी आहे, फक्त मुलामा चढवलेल्या भांड्यावर करू नये. मग टिणटिणणाऱ्या एका घुंगराला जीभ लावून दाखवली. गुळगुळीत, काहीच ओढ नाही. हे तिसरं भट्टीच्या अगदी खालच्या फळीवर, दाराजवळच्या कोपऱ्यात ठेवलं होतं असं तिला आठवलं. तिथे आच कमी पोचली असणार, माना अर्ध्यावरच राहिल्या. माठाला हीच स्थिती लागते. भोकांतून पाणी झिरपून उडतं म्हणून तर तो पाणी गार करतो. कुंभाराचा उघडा आवा आठशेच्या आसपासच थांबतो. त्यात भाजलेला अखंड माठ वाजतो खरा, पण घुंगरासारखा किणकिणत नाही.

कच्चं राहिलेलं मात्र पुन्हा भाजता येतं. माना जिथे थांबल्या तिथून पुढे वाढतात. तिच्या स्टुडिओची पुढची भट्टी नाताळानंतर लागणार होती, त्यामुळे ते एक घुंगरू वाट्याला आलेल्या आत्येला चॉकलेटचा डबा देऊन वेळ मारून नेली. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, मित्राचा फोन आला. तो काही बोलण्याआधीच लेकीने घुंगरू फोनजवळ धरून हलवलं. टिण.

"मोजलंस का?" मी विचारलं.

"चाळीस पॉइंट दोन," ती म्हणाली. "आणि जीभ मी नाही लावली, आत्येला लावायला सांगितली."