खंडिता की कलहांतरिता? चिजेतली बायको ओळखताना

१९१८ साली संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या पुढाकाराने ग्वाल्हेरात माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं आणि घराण्याच्या चिजा, म्हणजे बंदिशी, तोंडातून वहीत उतरवण्याची शिस्त लागली. पण स्वरलिपीत सूर उतरतात, मात्रा उतरतात, बाई कुणाशी बोलतेय ते उतरत नाही. म्हणून वहीच्या कोपऱ्यात नायिकेचं, म्हणजे शास्त्राने प्रेमातल्या अवस्थेवरून पाडलेल्या आठ प्रकारांपैकी ती कोणती त्याचं, नाव लिहायची वेळ आली की शिकणारा अडखळतो. शब्दांत सवत दिसली, रुसवा दिसला, की 'खंडिता' लिहून मोकळा होतो. पुष्कळदा ती कलहांतरिता असते.

दोघी दुखावलेल्या आहेत, दोघींचं नवऱ्याशी बिनसलेलं आहे. फरक एवढाच की खंडितेचा राग आत्ता पेटलेला आहे आणि कलहांतरितेचा उतरून त्याचा पस्तावा झालाय. हा 'एवढाच' फरक गळ्यातून आला नाही तर सूर कितीही चोख लागोत, चीज खोटी वाटते.

घोळ आधी शब्दांतच आहे. 'खंडिता' म्हटलं की मराठी कानाला मन मोडलेली कुणीही बाई ऐकू येते, मग विरहिणीपासून रुसलेलीपर्यंत सगळ्या त्याच नावाखाली जातात. 'कलहांतरिता' जड वाटतं, म्हणून टाळलं जातं. खरं तर तोच शब्द आपल्या जवळचा. 'एका शब्दापायी मी माहेराला अंतरले' असं म्हणतो ना, तेच अंतरणं इथे आहे: भांडणापायी नवऱ्याला अंतरलेली.

दुसरा घोळ शास्त्रातला. नाट्यशास्त्रातल्या आठ नायिकांमध्ये भरताने खंडितेची व्याख्या केली ती अशी: तिच्या वासकाला, म्हणजे तिच्या वाटणीच्या रात्री, नवरा दुसरीकडे गुंतल्यामुळे आला नाही, आणि त्याच्या न येण्याने जी व्याकूळ झाली ती. अनेक राण्यांच्या अंतःपुरातलं हे चित्र आहे. राजाने कोणत्या राणीकडे कधी जावं याची सहा कारणंही भरत देतो: क्रमाने आलेली रात्र, अपत्यासाठी, नवं नातं, बाळंतपणानंतर, तिच्या दुःखात आणि तिच्या आनंदात. या व्याख्येत नवरा आलेलाच नाही. दहाव्या शतकात माळव्याच्या मुंज राजाच्या काळी धनंजयाने दशरूपकात चित्र बदललं: दुसरीच्या संगाने झालेला त्याचा अवतार कळला आणि मत्सराने जी पेटली ती खंडिता. चौदाव्या शतकातल्या साहित्यदर्पणात विश्वनाथ आणखी स्पष्ट लिहितो की तो दुसरीच्या संभोगाच्या खुणा अंगावर घेऊन जवळ येतो. भरताकडे न आलेला नवरा पुढच्या शास्त्रकारांकडे पहाटे दारात उभा राहिला. ख्याल-ठुमरीत आणि चित्रांत भेटते ती ही नंतरची खंडिता. भरताची व्याख्या हातात घेऊन चीज तपासायला बसलं तर उत्तर चुकणारच. त्यात भरताने खंडिता, विप्रलब्धा (संकेत ठरवून प्रियकर न आल्याने फसलेली), कलहांतरिता आणि प्रोषितभर्तृका (नवरा परगावी गेलेली) या चौघींना चिंता, सुस्कारे, हृदयदाह, अश्रू असे सारखेच भाव वाटून दिले आहेत. म्हणजे नुसत्या चेहऱ्यावरून या ओळखू यायच्या नाहीत.

ओळखायचं ते नवरा कुठे आहे यावरून. खंडितेसमोर तो उभा असतो आणि ती त्याच्याशीच बोलते; क्रियापदं आज्ञेची असतात: जा, सांग, शपथा घेऊ नकोस. कलहांतरितेकडून तो निघून गेलेला असतो आणि ती सखीशी बोलते. क्रियापदं भूतकाळातली: तो पाया पडला, मी ऐकलं नाही. चिजेत 'सखी' किंवा 'आली' (ब्रजभाषेत सखीच) अशी हाक आली की आधी थांबून पाहावं. नुसत्या हाकेवर निकाल देऊ नये, कारण खंडिताही कधी त्याच्या देखत सखीला ऐकवते. पण हाकेच्या जोडीला 'मी मानलं नाही' असा सूर असेल तर शंका उरत नाही.

खुणा मात्र फक्त खंडितेच्या. ब्रजभाषेत त्यांचा संच जवळजवळ ठरलेला आहे: ओठावर अंजन, कपाळावर जावक म्हणजे अळिता, जागरणाने लाल डोळे, लटपटी पाग म्हणजे विस्कटलेली पगडी. प्रत्येकीमागे घडलेली गोष्ट आहे. दुसरीचे काजळाचे डोळे चुंबले म्हणून ओठ काळा, तिच्या पायांवर डोकं ठेवलं म्हणून कपाळ लाल. हे शब्द दिसले तर वेळ पहाटेची आणि नायिका खंडिता. उलट, सकाळचा राग आहे म्हणून खंडिता, असं धरू नये. भैरवात देवाची स्तुतीही गातात.

एकच बाई सकाळी खंडिता आणि दुपारी कलहांतरिता होऊ शकते. जयदेवाच्या गीतगोविंदात हा सांधा स्वच्छ दिसतो. आठव्या सर्गात राधा कृष्णाच्या काळ्या पडलेल्या ओठावर आणि छातीवरच्या अळित्यावर बोट ठेवून त्याला 'याहि' म्हणते, चालता हो म्हणते. नवव्या सर्गाच्या पहिल्याच श्लोकात जयदेव तिला 'कलहान्तरिता' असं नाव घेऊन संबोधतो, आणि आता बोलते ती सखी.

सगळ्यात फसवी आहे ती न ओरडणारी खंडिता. दशरूपकात स्वकीयेच्या म्हणजे बायकोच्या रागाचे प्रकार पाडलेत. मध्या, म्हणजे अर्धी सरावलेली, नायिका धीरा म्हणजे संयमी असेल तर खोचक बोलते, धीराधीरा असेल तर रडत टोचते, अधीरा असेल तर कठोर शब्दांनी झोडते. प्रगल्भा, म्हणजे पुरती सरावलेली, धीरा यातलं काहीच करत नाही, ती आदर वाढवते. संस्कृत शृंगारकवी अमरूच्या एका श्लोकात अशी बायको आहे. नवरा येताना दिसताच ती सामोरी जायला उठते, त्यामुळे एका आसनावर बसणं टळतं. तो मिठीत घेणार तोच ती विडा आणायला वळते. तो बोलू लागतो तर ती जवळच्या नोकरांना कामं सांगू लागते. मानपानात तसूभर उणं नाही आणि राग पुरता वसूल. गाणाऱ्याला ही गोडी दिसते, तो समेट झाला असं समजून लाडिक गातो, आणि इथेच चीज हातची जाते. असे शब्द संथ आणि सरळ म्हणावेत, टोचणाऱ्या शब्दावर तान घेऊ नये. जिथे उघड 'जाओ' आहे तिथे तो शब्द समेवर ठाम बसावा. मींड घेऊन, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत, लांबवला की 'जाऊ नकोस' ऐकू येतं.

कलहांतरितेसाठीही अमरूच बघावा. सुस्कारे तोंड भाजतात, झोप येत नाही, अंग सुकत चाललंय, आणि पाया पडलेल्या प्रियाला तेव्हा झिडकारलं. मग ती मैत्रिणींनाच विचारते, काय फायदा पाहून तुम्ही मला हा रुसवा धरायला लावलात? राग नवऱ्यावरून स्वतःवर आणि तिथून सख्यांवर सरकलेला आहे. बोलबांट, म्हणजे शब्दांची लयीत वाटणी, करायची तर 'न मानी'सारख्या शब्दांची करावी, सवतीच्या उल्लेखाची नको. सवत आता तिच्या मनातही नाही.

लघुचित्रांत काम सोपं. दारात समोरासमोर दोघं, आकाश फिकट होत चाललेलं: खंडिता. पाठमोरा निघालेला पुरुष, मान वळवून बसलेली बाई: कलहांतरिता.

दशरूपकावर टीका लिहिणारा धनिक म्हणतो की परकीयेला, म्हणजे नायकाची बायको नसलेल्या नायिकेला, आठांपैकी तीनच अवस्था शोभतात: विरहोत्कंठिता म्हणजे वाट पाहून झुरणारी, अभिसारिका म्हणजे स्वतः भेटायला निघणारी, आणि विप्रलब्धा. म्हणजे रात्रीचा हिशोब मागण्याचा हक्क बायकोचा. राधेच्या बाबतीत कवींनी हा नियम खुशाल मोडला, आणि बरं केलं. पण बायकोच्या या हक्कालाही शास्त्रात उंबरठा आहे. आठांपैकी घराबाहेर पडते ती अभिसारिका, फार तर संकेताच्या जागी फसलेली विप्रलब्धा, आणि त्याही भेटायला. रागावून घर सोडणाऱ्या बायकोला तिथे नाव नाही. आपल्या रुक्मिणीने मात्र, कथा सांगते तसं, राधेला कृष्णाच्या मांडीवर पाहिलं आणि द्वारका सोडून दिंडीरवन गाठलं. ना खंडितेसारखी दारात भांडली, ना कलहांतरितेसारखी मागे झुरत बसली. शोधत यावं लागलं ते त्याला, आणि पंढरपुरात तिचं देऊळ आजही विठोबाच्या मागे वेगळं आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एखाद्या मराठी घरात रुखमाईच्या रुसव्याचं गाणं लागलं तर वहीच्या कोपऱ्यात या दोन्हींपैकी कोणतंच नाव लिहू नये.