दोन केबल, वाट एकच

सर्व्हरच्या पाठीमागे दोन नेटवर्क केबल दिसल्या की माणूस निर्धास्त होतो. एक तुटली तर दुसरी आहेच! पण रॅकमागे जाऊन त्या केबलींचा माग काढला, तर पुष्कळदा दोन्ही एकाच कार्डात खोचलेल्या असतात, एकाच स्विचला गेलेल्या असतात आणि तो स्विच एकाच पॉवर स्ट्रिपवर असतो. कार्ड गेलं, स्विच गेला किंवा स्ट्रिप गेली, की दोन्ही केबल एकदमच निकामी.

यातली पहिली चूक रॅकपाशी न जाताही सापडते. लिनक्समध्ये २०१३ पासून नेटवर्क पोर्टना त्यांच्या जागेवरून नावं देण्याची पद्धत आली. ‘ईएनपी३एस०एफ०’ आणि ‘ईएनपी३एस०एफ१’ ही नावं पाहा. ‘पी३’ म्हणजे पीसीआय बस (मदरबोर्डवर कार्ड जोडण्याची वाट) क्रमांक ३, ‘एस०’ म्हणजे स्लॉट ०, आणि शेवटच्या ‘एफ’पुढचा आकडा त्याच कार्डावरचा पोर्ट सांगतो. बस आणि स्लॉट तेच, म्हणजे कार्डही तेच.

समजा, दोन सर्व्हरचा छोटा क्लस्टर उभारायचा आहे. एकावर डेटाबेस चालू, दुसरा तयारीत. दोघांतही दोन-दोन कार्डं, दर कार्डाला दोन पोर्ट. इथे पोर्टच्या जोड्या आडव्या लावायच्या (एकत्र बांधून एकाच पोर्टसारखे वापरलेले पोर्ट म्हणजे ‘बाँड’): दोन्ही कार्डांचे पहिले पोर्ट मिळून ‘बाँड०’, तो ग्राहकांच्या वाहतुकीसाठी, दोन्हींचे दुसरे पोर्ट मिळून ‘बाँड१’, तो दोन सर्व्हरच्या आपसातल्या निरोपांसाठी. पहिल्या कार्डाच्या केबल पहिल्या स्विचला, दुसऱ्याच्या दुसऱ्या स्विचला, आणि दोन्ही स्विच वेगळ्या पॉवर फीडवर. आता एक अख्खं कार्ड किंवा अख्खा स्विच गेला तरी दोन्ही बाँड एका पायावर उभे राहतात.

बाँडिंगचे सात मोड आहेत, ० ते ६. उच्च उपलब्धतेसाठी साधा मोड १ घ्यावा, म्हणजे ‘अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप’: एक पोर्ट काम करतो, दुसरा थांबून राहतो, आणि स्विचवर काही खास करावं लागत नाही. मोड ४, म्हणजे एलएसीपी (सर्व्हर आणि स्विचने एकमेकांना निरोप देत केबली एकत्र बांधण्याची रीत), पुष्कळांना मोहवतो कारण दोन्ही पोर्ट एकदम वापरता येतात. पण त्यातही एक टीसीपी जोडणी (दोन यंत्रांमधला एक संवाद) एकाच केबलवरून जाते. १० गिगाबिटचे दोन पोर्ट जोडले म्हणून एकट्या बॅकअप जॉबला २० गिगाबिट मिळत नाहीत. शिवाय दोन वेगळ्या स्विचवर एलएसीपी चालवायचं तर ते दोन स्विच आपसात जोडून एकाच स्विचचं सोंग घ्यावं लागतं, आणि त्या सोंगाचे स्वतःचे बिघाड असतात. त्याकडे पुढे येतो.

मोड निवडल्यावर सगळ्यांत महत्त्वाचा आकडा ‘एमआयआयमॉन’चा, म्हणजे लिंक किती मिलिसेकंदांनी तपासायची याचा. कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बाँडिंग ड्रायव्हरमध्ये तो मुळात ० असू शकतो. शून्य म्हणजे तपासणीच नाही! केबल उपटली तरी बाँड मेलेल्या पोर्टवरच पॅकेट ओतत बसतो. काही साधनं तो आकडा स्वतःहून १०० करतात, पण त्यांच्या भरवशावर न राहता १०० लिहून टाकावं.

एमआयआयमॉनला मात्र फक्त स्वतःच्या पोर्टवरचा दिवा दिसतो. स्विचपर्यंत लिंक ठीक, पण स्विचची पुढच्या नेटवर्ककडे जाणारी जोडणी (अपलिंक) तुटलेली, तर त्याच्या लेखी सारं आलबेल. मध्ये मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची केबल फायबरला जोडणारा डबा) असेल तर पलीकडची फायबर तुटूनही अलीकडचा दिवा जळत राहू शकतो. यावर उपाय म्हणजे एआरपी (आयपी पत्ता कोणत्या कार्डाचा ते विचारण्याची रीत) तपासणी: बाँड ठरावीक अंतराने एखाद्या आयपी पत्त्याला हाक मारतो आणि उत्तर आलं तरच वाट जिवंत मानतो. अंतर १००० मिलिसेकंद ठेवावं आणि लक्ष्यं किमान दोन द्यावीत. गेटवे (बाहेरच्या नेटवर्कचं दार) एकटाच दिला, तर तो रीस्टार्ट होताना बाँडला आपल्या दोन्ही वाटा मेल्यासारख्या वाटतात. ही तपासणी एमआयआयमॉनच्या जागी येते, जोडीला नाही, आणि मोड ४ मध्ये चालत नाही.

आता परतीचा प्रश्न. मुख्य पोर्ट पुन्हा जिवंत झाला की बाँड लगेच तिकडे उडी मारतो, आणि इथेच घात होतो. स्विचवर जुना स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल (पॅकेटं गोल फिरत राहू नयेत म्हणून वाटा रोखणारा) असेल तर नुकत्याच जाग्या झालेल्या पोर्टवरून ३० सेकंद काहीच जात नाही: १५ ऐकण्याचे, १५ शिकण्याचे. दिवा लागलेला, वाट बंद. म्हणून सर्व्हरकडच्या स्विच पोर्टवर ‘पोर्टफास्ट’ किंवा ‘एज पोर्ट’ (हे थांबणं टाळणारी सोय) चालू करावं. ते हातात नसेल तर बाँडचा ‘अपडिले’ (लिंक आल्यावर पोर्ट वापरण्याआधी थांबायचा वेळ) ३१००० मिलिसेकंद ठेवावा. ‘प्रायमरी रीसिलेक्ट’ला (मुख्य पोर्टकडे केव्हा परतायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगला) ‘फेल्युअर’ हा पर्याय दिला की बाँड चालती वाट विनाकारण सोडत नाही. लूज कनेक्शनमुळे पोर्ट सारखा चालू-बंद होत असेल तेव्हा याचं मोल कळतं.

इतकं झालं की एका सर्व्हरपुरती सोय होते. अख्खा सर्व्हरच गेला तर ग्राहकांचा आयपी पत्ता दुसऱ्या सर्व्हरने उचलायचा असतो. नुसता पत्ता उचलून भागत नाही, कारण आसपासच्या राउटरच्या एआरपी तक्त्यात त्या आयपीपुढे जुन्याच कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता) असतो. सिस्कोच्या आयओएस राउटरमध्ये ही नोंद मुळात ४ तास टिकते. म्हणून नवा मालक ‘ग्रॅच्युइटस एआरपी’ पाठवतो, म्हणजे कोणी न विचारता दवंडी पिटतो की हा पत्ता आता माझ्याकडे आहे. सुरक्षेच्या नावाखाली अशी न मागितलेली पॅकेटं गाळणारं उपकरण मध्ये असेल, तर फेलओव्हर (काम दुसऱ्या सर्व्हरकडे जाणं) ‘यशस्वी’ झाल्याची नोंद लॉगमध्ये दिसते आणि ग्राहक मात्र जुन्याच दारावर धडका देत राहतात.

सर्व्हर गेला हे ठरवतं कोण? कोरोसिंकसारखी क्लस्टर प्रणाली नोडांमध्ये (क्लस्टरमधल्या सर्व्हरमध्ये) टोकन, म्हणजे हजेरीचा छोटा निरोप, फिरवते. ते ठरल्या वेळात आलं नाही की समोरचा गेला असं धरलं जातं. ही मुदत जुन्या आवृत्त्यांत मुळात १००० मिलिसेकंद होती, नव्यांत ३००० आहे. पुष्कळ बिघाड या आकड्याभोवती होतात. साध्या बाँडला वाट बदलायला ०.१ ते ०.२ सेकंद लागतात, तेवढा धीर टोकनला असतो. पण स्पॅनिंग ट्रीचे ३० सेकंद, किंवा एलएसीपीच्या ‘स्लो’ रीतीतले ९० सेकंद (निरोप दर ३० सेकंदांनी, तीन चुकले की मृत) टोकनला झेपत नाहीत. खालचा थर अजून सावरतोच आहे, तोवर वरचा थर धडधाकट सर्व्हरला मृत ठरवून मोकळा होतो. एलएसीपी घ्यायचंच असेल तर ‘फास्ट’ घ्यावं: निरोप दर सेकंदाला, मुदत ३ सेकंद. मग टोकनची मुदत त्याहून मोठी, ५ ते १० सेकंद हवी. निरोपांसाठी एकट्या बाँडवर विसंबण्यापेक्षा कोरोसिंकलाच दुसरी स्वतंत्र लिंक द्यावी. आवृत्ती ३ मध्ये अशा ८ लिंक देता येतात.

हे गिटहबने (प्रोग्रामांचा कोड साठवणाऱ्या सेवेने) २२ डिसेंबर २०१२ रोजी भोगलं. एकाच स्विचचं सोंग घेणाऱ्या त्यांच्या जोडस्विचांवर सॉफ्टवेअर अद्ययावत करताना नेटवर्क अडकलं, आणि ते सावरायला क्लस्टरच्या मुदतीपेक्षा जास्त वेळ लागला. फाइल सर्व्हरच्या जोड्यांमधल्या नोडांनी एकमेकांना मृत मानलं आणि समोरच्याला बंद करण्याचे आदेश सोडले. नेटवर्क परत येताच ते आदेश पोहोचले, आणि काही जोड्यांतले दोन्ही सर्व्हर बंद पडले.

समोरच्याला बंद करणं क्रूर वाटतं, पण ते अटळ आहे. संपर्क तुटलेल्या दोन सर्व्हरनी एकाच डेटाबेसवर लिहायला घेतलं तर डेटाचे दोन तुकडे होतात, आणि ते पुन्हा सांधणं हे बंद पडण्यापेक्षा महाग पडतं. म्हणून ‘फेन्सिंग’, म्हणजे समोरच्याला सक्तीने बंद करण्याची ही सोय, चालूच ठेवायचं. चाचणीच्या वेळी ‘तात्पुरतं’ बंद केलेलं फेन्सिंग वर्षानुवर्षं तसंच राहतं. दोन नोडांत दोघांनी एकदम गोळी झाडू नये म्हणून एकाला ५ सेकंदांचा उशीर लावून द्यावा. फेन्सिंगचा आदेश सर्व्हरमधल्या ज्या व्यवस्थापन चिपकडे (सर्व्हर दुरून चालू-बंद करणाऱ्या) जातो तिचा पोर्टही पाहावा. ती ‘शेअर्ड’ रीतीने मुख्य कार्डाचाच पोर्ट वापरत असेल, तर जी केबल तुटल्यामुळे फेन्सिंगची गरज पडली, तीच फेन्सिंगची वाट असते. ‘डेडिकेटेड’ पोर्ट आणि वेगळा स्विच हवा.

चाचणी करताना आज्ञा देऊन इंटरफेस बंद करू नये, केबल खरोखर उपटावी. कोरोसिंकच्या जुन्या आवृत्त्या इंटरफेस बंद केल्यावर भलत्याच वागतात. तिसऱ्या यंत्रावरून ०.२ सेकंदांनी पिंग लावून किती उत्तरं गळाली ते मोजावं. १५ गळाली, म्हणजे ३ सेकंद गेले. नंतर उलट्या बाजूने तोच प्रयोग, कारण दुसऱ्या स्विचच्या पोर्टवर व्हीलॅन (एकाच स्विचवर आखलेलं वेगळं नेटवर्क) टाकायचं राहून गेलेलं असतं आणि ते तिकडे वळल्याशिवाय समजत नाही. जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पॅकेटं) वापरत असाल तर फसगत आणखी बारीक: एका स्विचवर एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) ९०००, दुसऱ्यावर १५००. साधं पिंग जातं, टोकनही जातं, पण डेटाबेसची प्रतिकृती मध्येच थिजते. ‘तुकडे करू नये’ हा पर्याय देऊन ८९७२ बाइटचं पिंग पाठवावं. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे (पिंगच्या प्रोटोकॉलचे) ८ बाइट वजा जाता तेवढेच उरतात.

एकदा जमलं की विसरून जाण्यातही धोका असतो. मोड १ मध्ये थांबलेला पोर्ट मेला तर ग्राहकांना काहीच जाणवत नाही, आणि महिनोन्महिने क्लस्टर एकाच केबलवर चालतो. ‘प्रॉक’खालच्या ‘नेट’मधल्या ‘बाँडिंग’ फोल्डरमध्ये प्रत्येक बाँडची फाइल असते. तिच्यात दर पोर्टची स्थिती आणि ‘लिंक फेल्युअर काउंट’ असतो. स्थिती ‘डाउन’ झाली की मोबाइलवर इशारा यावा. काउंट हळूहळू चढत असेल तर आधी केबल बदलावी, मग एसएफपी (केबल खोचायचा सुटा मॉड्यूल), आणि तरीही चढला तर स्विचचा पोर्ट.