थांबायचं कधी, हे मातीला कसं कळतं?

‘मातीची भांडी म्हणजे शंभर टक्के केमिकल-फ्री’ असा एक फॉरवर्ड सध्या सारखा फिरतोय. माती हे मुळात रसायनच आहे, हे सोदाहरण सांगायला मला वेल्समधली स्लिपवेअर, म्हणजे पातळ मातीच्या रेघांनी सजवलेली, भांडी फार आवडतात.

दक्षिण वेल्समध्ये ब्रिजेंडजवळचं इवेनी आणि ईशान्येला फ्लिंटशरमधलं बकली ही या कामाची जुनी गावं. इवेनीत आजही चाक फिरतं. तांबूस मातीची थाळी, तिच्यावर पिवळसर रेघांची नक्षी, वर चकचकीत झिलई. पाहणाऱ्याला वाटतं, रंगवलीय. पण ती रेघही मातीचीच असते. पांढरी माती पाण्यात कालवून दाट साईसारखी केली की झाली स्लिप. पिसाच्या पोकळ देठातून ती थाळीवर सोडायची.

गंमत अशी, की नळीतून सुळकन येणारी ही स्लिप थाळीवर पडताच जागच्या जागी थांबते. ओघळत नाही, पसरत नाही. का?

चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनहूनही बारीक आणि चपटे, पापुद्र्यासारखे असतात. पापुद्र्याच्या सपाट बाजूवर ऋण विद्युतभार असतो. पाणी किंचित आम्लधर्मी असेल, तर कडांवर धनभार येतो. मग एकाची कड दुसऱ्याच्या पाठीला चिकटते आणि पाण्यात पत्त्यांचा बंगला उभा राहतो. पाणी त्याच्या खोल्यांत अडकतं, म्हणून स्लिप घट्ट वाटते. नळीतून दाबली की बंगला कोसळतो, पापुद्रे प्रवाहाच्या दिशेने आडवे होतात आणि स्लिप वाहते. दाब गेला की बंगला पुन्हा बांधला जातो. यातच चिमूटभर सोडियम सिलिकेट टाकून पाहा: कडांवरचा धनभार जातो, सगळे कण एकमेकांना दूर लोटतात आणि तीच दाट स्लिप, पाण्याचा थेंबही न वाढवता, पातळ होते. ओल्या रेघांतून पिसाचं टोक ओढलं की त्या खेचल्या जाऊन नागमोडी होतात, पण दोन रंग एकमेकांत मिसळत नाहीत. इतक्या दाट द्रवात भोवरे उठतच नाहीत, आणि कण आपणहून सरकायचे म्हटले तर अतिशय सावकाश.

हे सगळं थाळी अर्धवट सुकलेली असतानाच करायचं. कोरड्या थाळीवर ओली स्लिप दिली, तर सुकताना ती एकटीच आक्रसते आणि तिचे पोपडे निघतात.

आता झिलई, म्हणजे भांड्यावरचा काचेचा पातळ थर. वाळूतली सिलिका वितळायला १७०० अंश सेल्सिअस लागतात, लाकूड-कोळशाच्या साध्या भट्टीला ते झेपत नाही. शिसं मिसळलं की हजार अंशांच्या आतच काच तयार होते. कुंभार त्यासाठी गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज, दळून वापरत. ही काच मातीतलं थोडं लोह ओढून घेते, म्हणून खालची पांढरी स्लिप मधाळ पिवळी दिसते.

गॅलेना जमिनीतून निघतं, अगदी ‘नैसर्गिक’. पण अशा काचेतलं शिसं आंबट पदार्थात उतरू शकतं. इवेनीहून समुद्राची खाडी ओलांडली की डेव्हन. तिथल्या सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, पिणाऱ्यांचा पोटशूळ शिशामुळे होतो, हे जॉर्ज बेकर या डॉक्टरांनी १७६७ सालीच दाखवलं होतं. त्यात मुख्य दोष सफरचंदं दाबायच्या यंत्रांतल्या शिशाचा होता, पण आम्लाची करामत तीच. फॉरवर्ड करणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं!

आता शिशाऐवजी बोरॉनवाली झिलई वापरता येते. फक्त ती मधाळ छटा हवी असेल, तर तिच्यात थोडं लोह मुद्दाम घालतात.