चूक झाली आहे, कुठे ते विचारू नका

एका डेटाबेसमध्ये कर्मचाऱ्यांचं एक टेबल, विभागांचं दुसरं. प्रत्येक कर्मचाऱ्याला विभाग हवा, आणि प्रत्येक विभागाला प्रमुख हवा, तोही कर्मचाऱ्यांपैकीच. मग नवा विभाग उघडताना पहिली नोंद कोणाची करायची? कुठूनही सुरुवात केली तरी पहिल्याच नोंदीला नियम मोडतो. म्हणून अनेक डेटाबेसमध्ये सोय असते की फॉरेन कीची (एका टेबलातली नोंद दुसऱ्यातल्या ज्या नोंदीकडे बोट दाखवते ती खरंच आहे ना, या नियमाची) तपासणी लगेच न करता कमिटपर्यंत, म्हणजे बदल कायम करण्याच्या क्षणापर्यंत, लांबवायची. शेवटी सगळं जुळलं की झालं.

आणि नाही जुळलं तर? अँड्रॉइड फोनमध्ये असतो तो एसक्यूलाइट हा डेटाबेस एवढंच म्हणतो: ‘फॉरेन की कन्स्ट्रेंट फेल्ड’ (फॉरेन कीचा नियम मोडला). कोणतं टेबल, कोणती नोंद, कोणता नियम, अवाक्षर नाही. एका दमात हजारो नोंदी भरणाऱ्याने डोकं कुठे आपटायचं?

एसक्यूलाइट हे मुद्दाम लपवत नाही; त्याला ते ठाऊकच नसतं. २००९ साली ३.६.१९ या आवृत्तीत फॉरेन कीची तपासणी आली, ती एका साध्या आकड्यावर चालते. विभाग नसलेला कर्मचारी भरला की आकडा एकाने वाढतो. पुढे तो विभाग आला की एकाने उतरतो. कमिटच्या वेळी आकडा शून्य असला तर ठीक, नाहीतर नकार. सहलीहून निघताना गुरुजींनी बसमध्ये नुसती डोकी मोजली, तर एक मूल कमी आहे एवढं कळतं; कोण राहिलं ते कळायला हजेरी लागते.

पोस्टग्रेसक्यूएल हा दुसरा डेटाबेस हजेरी घेतो. लांबवलेली प्रत्येक तपासणी तो रांगेत लावून ठेवतो, त्यामुळे कमिट फसलं की नियमाचं नाव आणि न सापडलेलं मूल्य, दोन्ही सांगतो. पण ही रांग मेमरीत राहते. लाखो-कोटी नोंदी एकदम भरल्या तर ती मेमरीत मावेनाशी होऊ शकते, असा इशारा त्याच्याच दस्तऐवजात आहे. फोनमधल्या चिमुकल्या डेटाबेसने नुसता आकडा ठेवला, याला मी तरी नावं ठेवणार नाही. (संदेश मात्र थोडा माणसाळलेला चालला असता.)

शिवाय एसक्यूलाइटमध्ये एक पळवाट आहे. असं कमिट नाकारलं गेलं तरी ट्रान्झॅक्शन (एकत्र कमिट व्हायच्या बदलांचा गठ्ठा) उघडंच राहतं. त्यातच ‘प्राग्मा फॉरेन_की_चेक’ ही आज्ञा चालवली की अनाथ नोंदींची यादी टेबलच्या नावासकट समोर येते. ओरॅकल या तिसऱ्या डेटाबेसमध्ये ही मुभा नाही. तिथे ‘ओआरए-०२०९१’ हा त्रुटीचा संदेश येतो तोवर ट्रान्झॅक्शन मागे फिरवून झालेलं असतं. खालच्या ओळीत नियमाचं नाव मिळतं, पण तपासायला नोंदीच उरत नाहीत.

ओरॅकल असो वा पोस्टग्रेसक्यूएल, चूक प्रोग्रामच्या कोणत्या पायरीवर घुसली ते कमिटच्या वेळी कळत नाही. त्यासाठी जिथे सगळं जुळलेलं असायला हवं, अशा मधल्या टप्प्यांवर ‘सेट कन्स्ट्रेंट्स ऑल इमिजिएट’ (सगळे नियम आत्ताच तपास) ही आज्ञा देतात. तोवर साचलेल्या तपासण्या तिथल्या तिथे होतात. पुढे ‘डिफर्ड’ म्हटलं की त्या पुन्हा लांबवता येतात, आणि शोधायचा पट्टा दोन टप्प्यांमधल्या ओळींपुरता उरतो.